कोणी केले, ते लिहा

‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येत आहे.’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाच्या फळ्यावर हे वाक्य कधी ना कधी दिसते. त्यात नागरिक आहेत, पाणी आहे, कारणही आहे. माणूस मात्र नाही. कळवणारा कोण, नळ बंद करणारा कोण, तो पुन्हा कधी सोडणार, यातले काहीही कागद सांगत नाही. गावाने हंडे घेऊन कोणाच्या दारात जायचे? वाक्यात दारच नाही.

या आठवड्याचा विषय हा बेपत्ता कर्ता.

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजकडे निघाले की नेकनूर लागते. बंकटस्वामींच्या मठामुळे हे गाव वारकऱ्यांच्या ओळखीचे, जनावरांच्या बाजारामुळे शेतकऱ्यांच्या. त्या बाजारात उभे राहून माणसांची बोली ऐका. ‘तात्यानं बैलजोडी इकली.’ ‘हेड्यानं भाव पाडला.’ ‘म्हशीनं दावं तोडलं.’ ‘पावसानं कापूस झोपवला.’ माणूस असो, जनावर असो की पाऊस, ज्याने केले त्याचे नाव आधी, मग केले ते काम. बाजाराची पावतीही याच वळणाची असते: विकणारा अमुक, घेणारा अमुक. ‘माझ्याकडून बैल विकला गेला,’ असे तिथे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर ऐकणारा विचारील, ‘का रे, मनात नव्हतं का?’

कीर्तनातही तेच. पुंडलिकाने वीट फेकली आणि पांडुरंग तिच्यावर उभा राहिला, असेच कीर्तनकार सांगतो. ‘पुंडलिकाकडून वीट फेकली गेली’ म्हणणाऱ्या बुवांपुढे टाळकरी टाळ खाली ठेवतील.

मग हाच शेतकरी घरी जातो आणि पीकविम्याचे उत्तर उघडतो. ‘आपला दावा अपात्र ठरविण्यात आला आहे.’ दिवसभर ‘यानं केलं, त्यानं केलं’ अशा भाषेत जगलेल्या माणसाला असा कागद मिळतो, ज्यात कोणीच काही केलेले नाही आणि तरी त्याचे नुकसान झालेले आहे.

या रचनेचे नाव शाळेच्या व्याकरणात आजही आहे: नवीन कर्मणी प्रयोग. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे तिचे ठरलेले उदाहरण. इंग्रजीच्या पॅसिव्ह व्हॉइसवरून ही रचना मराठीत आली, हेही व्याकरणाची पुस्तके तिथेच सांगतात. पोलीस भरतीचा, तलाठी भरतीचा अभ्यास करणारी बीड जिल्ह्यातली मुले-मुली अभ्यासिकेत बसून ही ओळ पाठ करतात. प्रश्न सुटतो, गुण मिळतो. नोकरी लागली की तीच रचना टेबलावर येते आणि निवृत्तीपर्यंत मुक्काम करते.

मराठीचा स्वतःचा कर्मणी प्रयोग याहून किती निराळा आहे, ते बघा. ‘तात्याने बैल विकला, तात्याने गाय विकली, तात्याने वासरू विकले.’ क्रियापद बैलामागे, गाईमागे, वासरामागे वळते. तात्या मात्र वाक्याच्या तोंडाशी उभाच असतो. मराठी क्रियापद कर्माचा मान राखते, पण कर्त्याला सोडत नाही. इंग्रजी रचनेत कर्म पुढे येऊन बसते, कर्ता ‘बाय’ला धरून शेवटी जातो, आणि तो शेवट खोडला तरी वाक्य पुरे वाटते. आपण तेवढेच उचलले. आधी ‘बाय’चे ‘कडून’ केले, मग ‘कडून’ही खोडले. उरले ते ‘करण्यात आले आहे’.

याचा इतिहास सांगितलाच पाहिजे, कारण तो दोष देण्याइतका सोपा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. सरकारी भाषांतरे आणि शाळेची पुस्तके पाहणाऱ्या मेजर कँडींनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका काढली. आज आपण वाक्याअखेर देतो तो पूर्णविराम त्या काळाची देणगी. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि इंग्रजी निबंधाच्या ओळखीतून मराठी गद्याला लांब, तोलदार वाक्य मिळाले. इंग्रजीने मराठी गद्याला पुष्कळ दिले. हे नाकारणारा कृतघ्न ठरेल.

बीडची वाट तर आणखी वळणाची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. ‘इत्तिला दी जाती है’, ‘हुक्म दिया जाता है’ ही वाक्ये इथल्या आजोबा-पणजोबांनी ऐकली. त्या हुकमातही हुकूम देणारा पडद्याआडच राहत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. कागद मराठी झाला. वाक्याचा सांगाडा मात्र आधीच्या साहेबांचा राहिला, एकदा उर्दूतल्या आणि एकदा इंग्रजीतल्या.

कर्ता मागे ठेवून बोलण्याची सोय मराठीला कधीच नव्हती, असे म्हणणेही खोटे ठरेल. नेकनूरवरून हाच रस्ता पुढे केजमार्गे अंबाजोगाईला जातो. तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० चा ‘विवेकसिंधु’ परंपरा त्यांच्या नावे सांगते. त्या यादवकाळातल्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी रूपे होती. व्याकरण त्यांना पुराण कर्मणी म्हणते. ती रूपे छोटी होती, क्रियापदातच मुरलेली होती. ‘करण्यात येत आहे’ असा तीन डब्यांचा मालगाडीचा रेक त्यांनी कधी ओढला नाही.

आजच्या मराठीतही जिथे कर्ता सर्वांच्या माहितीचा किंवा बिनमहत्त्वाचा असतो, तिथे एक साधी वाट आहे. ‘पोळ्याला बैल सजवतात.’ ‘कपिलधारला दिंड्या नेतात.’ कर्ता लिहिला नाही, तरी ‘तात’ या प्रत्ययात माणसे आहेत, हे ऐकणाऱ्याला कळते. ‘बैल सजविण्यात येतात’ असे लिहिले की माणसे निघून जातात आणि परिपत्रक उरते.

आता ‘कडून’ या शब्दाकडे नीट बघू, कारण खरी गोम तिथे आहे. बोलीत आपण तो कधी वापरतो? ‘माझ्याकडून कप फुटला’, म्हणजे मुद्दाम फोडला नाही, हातून निसटला. ‘माझ्याकडून चूक झाली’, म्हणजे मनात नव्हते. आणि दुसरा उपयोग: ‘गड्याकडून नांगरट करून घेतली’, म्हणजे राबला गडी, हुकूम दुसऱ्याचा. दोन्ही ठिकाणी ‘कडून’ लागलेल्या माणसावर पुरती जबाबदारी नाही. तो नकळत करतो किंवा सांगितले म्हणून करतो.

या कानांनी पुढचे वाक्य ऐका: ‘कंत्राटदाराकडून रस्त्याचे काम अर्धवट सोडले गेले.’ इंग्रजीतला ‘बाय’ निर्विकार असेल. मराठीतला ‘कडून’ तसा नाही. तो कंत्राटदाराला वाक्यातच माफी देतो. ‘कंत्राटदाराने रस्ता अर्धवट सोडला’ असे लिहा. माफी संपली. आता तो सोडणारा आहे आणि गाव त्याला जाब विचारू शकते.

मराठीजवळ याहून धारदार हत्यार आहे, ते म्हणजे क्रियापदांच्या जोड्या. पडणे आणि पाडणे. फुटणे आणि फोडणे. तुटणे आणि तोडणे. जळणे आणि जाळणे. बुडणे आणि बुडवणे. झाड वाऱ्याने पडले की कोणी पाडले, तळे पाण्याच्या जोराने फुटले की शेजारच्याने फोडले, हे मराठी क्रियापदातच सांगते. बीड जिल्ह्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये ज्यांचे पैसे अडकले, त्यांना विचारा की ‘ठेवी बुडाल्या’ आणि ‘ठेवी बुडवल्या’ यांत किती अंतर आहे. बुडालेल्या ठेवीसाठी माणूस नशिबाला बोल लावतो. बुडवलेल्या ठेवीसाठी पोलीस ठाण्यात जातो. वर्तमानपत्राने पहिले क्रियापद निवडले, तर त्याने बाजू घेतली आहे, मग भले ते नकळत असो.

सर्वांत जड उदाहरण याच जिल्ह्याचे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९ साली देशासमोर आले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तेव्हा छापील वाक्य हेच असायचे: ‘महिलांची गर्भाशये काढण्यात आली.’

कोणी काढली? हा प्रश्न विचारला की त्या एका वाक्यातून चार-पाच माणसे बाहेर येतात. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर येतो. साध्या दुखण्याला कर्करोगाची भीती घालणारा येतो. एका दिवसाच्या खाड्याचे पैसे कापणारा मुकादम येतो, कारण पाळीच्या चार दिवसांत कोयता थांबवणे बाईला परवडत नव्हते. फडाजवळ संडास आणि दवाखाना न देणारा कारखाना येतो. उचल देऊन अख्ख्या कुटुंबाला बांधून घेणारी व्यवस्था येते. ‘काढण्यात आली’ या शब्दांमागे हे सगळे लपतात आणि समोर उरते ती एकटी बाई, जणू तिच्या शरीराला आपोआप काही झाले. वाक्याची रचना हा शुद्धलेखनाचा किरकोळ मामला नाही, हे पटवायला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

अतिवृष्टी झाली की बातमी येते: ‘पंचनामे करण्याचे आदेश देण्यात आले आहेत.’ आदेश कोणी दिले, कोणाला दिले, किती दिवसांची मुदत दिली? ज्याच्या मातीसकट सोयाबीन वाहून गेले त्याला या तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. बातमीदाराने अधिकाऱ्याचे पत्रक जसेच्या तसे छापले की तिन्ही उत्तरे गळतात. मग महिना उलटतो, पंचनामा होत नाही, आणि आदेश मोडला कोणी हेही सांगता येत नाही, कारण दिला कोणी हेच कोणी लिहिलेले नाही.

ज्या भाषेतून आपण हे घेतले तिच्या घरात काय चालले आहे? जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषेवर निबंध लिहिला आणि जिथे कर्तरी रचना चालेल तिथे पॅसिव्ह वापरू नका, असे बजावले. १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराण प्रकरणावर बोलताना चुका झाल्याचे कबूल केले, पण कर्त्याविना. त्या रचनेवर तिथले लोक आजही बोट ठेवतात. २०१० साली अमेरिकेने सरकारी कागद साध्या भाषेत लिहिण्याचा कायदाच केला. इंग्रजीवाले हे ओझे उतरवू पाहत आहेत आणि आपण ते डोक्यावर घेऊन मिरवतो आहोत.

कर्ता न लिहिण्याचे रास्त प्रसंग आहेत, ते मला मान्य आहेत. चोर सापडलेला नाही, तर ‘रात्री दुकान फोडले’ एवढेच लिहावे लागते. अत्याचार सोसलेल्या बाईचे नाव कायदाच झाकतो आणि ते योग्य आहे. कारकून स्वतःच्या नव्हे, कचेरीच्या नावाने लिहितो, हेही खरे. पण कचेरीलाही नाव असते. ‘तहसील कार्यालयाने अर्ज फेटाळला’ असे लिहायला कोणाची आडकाठी आहे?

कायद्याची तर नाहीच. २००५ चा माहिती अधिकार कायदा सांगतो की माहिती नाकारताना कारण द्या आणि अपील कोणाकडे करायचे ते कळवा. महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम प्रत्येक सेवेमागे एक पदनिर्देशित अधिकारी उभा करतो, त्याला मुदत घालतो आणि विनाकारण मुदत चुकवल्यास त्याच्या खिशातून पाचशे ते पाच हजार रुपये दंड घेतो. कायदा कर्ता मागतो. पत्र लिहिणारा हात तो खोडतो.

आपल्या जुन्या कागदांची वळणे याहून प्रामाणिक होती. खरेदीखत काढून बघा: ‘लिहून देणार’ अमुक, ‘लिहून घेणार’ तमुक. पंचनामा बघा: ‘आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की’. जबाब बघा: ‘मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की’. ग्रामसभेचा ठराव बघा: त्याखाली सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या या कागदांत प्रत्येक शब्दामागे एक माणूस उभा आहे, सही किंवा अंगठा घेऊन. मग ठरावाच्या शेवटच्या ओळीत काय होते? ‘सदर काम तातडीने करण्यात यावे.’ सूचक आहे, अनुमोदक आहे, करणारा नाही. म्हणून ते काम पुढच्या ग्रामसभेतही तसेच असते आणि त्यापुढच्याही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

ग्रामसेवकांना, तलाठ्यांना, कारकुनांना: आपल्या फळ्यावरची सूचना अशी लिहून बघा. ‘मुख्य जलवाहिनी फुटली आहे. आमचे कर्मचारी ती दुरुस्त करत आहेत. गुरुवारी संध्याकाळी पाणी सोडू. सरपंच आणि ग्रामसेवक.’ चार-पाच शब्द जास्त लागतात, शाई थोडीच जास्त लागते. आणि गुरुवारी पाणी आले नाही, तर लोक शिव्या देण्याआधी तुम्हाला येऊन विचारतील, कारण तुम्ही त्यांच्याशी माणसासारखे बोललात.

तालुक्याच्या बातमीदारांना: पत्रकातल्या प्रत्येक ‘करण्यात आले’वर पेन थांबवा आणि फोन लावा. कोणी केले? उत्तर मिळाले तर ते छापा. अधिकाऱ्याने उत्तर दिले नाही, तर त्याने उत्तर दिले नाही हेच छापा. तीच त्या दिवशीची बातमी आहे.

आणि वाचणाऱ्यांना: वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. तिथे उठा आणि ठरावाच्या शेवटच्या ओळीत करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहायला लावा. कचेरीचे उत्तर आले आणि त्यात कर्ता नसेल, तर ते फाईलला लावून गप्प बसू नका. त्याच कागदावर उलट टपाली एक ओळ लिहा: ‘हा निर्णय कोणी घेतला, त्यांचे नाव, पद आणि निर्णयाची तारीख कळवा.’ उत्तर येईपर्यंत लिहीत राहा. नेकनूरच्या एका माणसाने विचारले तर कारकून कंटाळा करील. शंभरांनी विचारले तर पुढच्या कागदात कर्ता लिहिण्यावाचून त्याला गत्यंतर राहणार नाही.